काजव्यांचा तो फोटो खोटा आहे का?

मे महिना सरत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या नावांबरोबर काजव्यांचे फोटो फिरू लागतात. वर काळपट निळं आकाश, खाली सादडा-हिरड्याची झाडी आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो पिवळे-हिरवे ठिपके. फोटो पाहून तोंडातून आपसूक ‘अहाहा’ निघतं. मग शनिवारी गाड्या निघतात, माणसं अंधारात तासभर उभी राहतात आणि घरी आल्यावर त्याच फोटोखाली लिहितात, ‘सगळं फोटोशॉप आहे.’ हल्ली ‘एआयनं बनवलंय’ हेही ठरलेलं.

प्रामाणिकपणे काढलेल्या अशा फोटोतला जवळजवळ प्रत्येक ठिपका खरा असतो. त्या जागी, त्या रात्री एक जिवंत किडा चमकून गेलेला असतो. फक्त ते सगळे एकदम चमकलेले नसतात. फोटोत अर्ध्या-पाऊण तासाची बेरीज असते आणि डोळ्याला ती बेरीज जमत नाही. डोळ्यातल्या, काळोखात काम करणाऱ्या दंडाकार पेशी साधारण एक दशांश सेकंदात आलेला प्रकाश गोळा करून पुढे कळवतात आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. समजा झाडावर 200 काजवे आहेत, प्रत्येक जण सेकंदाला एकदा चमकतो आणि चमक एक दशांश सेकंद टिकते. सगळे आपापल्या वेळेनं चमकत असतील तर कोणत्याही क्षणी पेटलेले असतील जेमतेम वीस. कॅमेरा अर्धा तास टिपत राहिला तर त्याच्या हिशेबात चमका येतील 3,60,000. झाड तेच, काजवे तेच. भाविक ‘अहाहा’वाले आणि रागावलेले ‘फोटोशॉप’वाले, दोघांच्याही नजरेतून निसटतो तो हा काळाचा गुणाकार.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘शटर (कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारा पडदा) जास्त वेळ उघडं ठेवलं की काजवे जास्त उजळ येतात’ असं बहुतेकांना वाटतं. उडणाऱ्या काजव्याच्या बाबतीत हे साफ चूक आहे, आणि का चूक आहे ते आकडे मांडूनच बघायला हवं.

काजवा कॅमेऱ्यापासून पाच मीटरवर, सेकंदाला अर्धा मीटर वेगानं आडवा उडतो आहे असं धरू. एका चमकेत तो पाच सेंटिमीटर सरकतो. भिंग 24 मिलिमीटरचं असेल तर सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर) त्याची प्रतिमा सरकते सुमारे 0.24 मिलिमीटर. पूर्ण आकाराच्या 24 मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे 6 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे ती चमक 40 पिक्सेल लांबीची रेघ ओढते. दशांश सेकंद भागिले चाळीस, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सेकंदाचा चारशेवा भाग. प्रतिमेचा डाग दोन-तीन पिक्सेल रुंद धरला तरी फार तर दीडशेवा भाग. शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर दोनशे सेकंद, त्या पिक्सेलला त्या काजव्याकडून मिळणारा प्रकाश तेवढाच. काजवा पुढे गेला, हिशेब संपला.

म्हणून काजव्याची उजळता ठरते ॲपर्चरवर, म्हणजे भिंगातल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्रावर. एफ/चा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. एफ/2.8 वरून एफ/1.4 वर आलात तर चौपट प्रकाश आत येतो आणि कॅमेऱ्याला न दिसणारे लांबचे काजवेही दिसू लागतात. आयएसओ वाढवल्यानं आलेला प्रकाश मोठा करून दाखवला जातो, नवा येत नाही. शटरचा वेळ वाढवल्यावर वाढतात त्या दोनच गोष्टी : चौकटीतल्या रेघांची संख्या आणि पार्श्वभूमीचा उजेड. ही दुसरी गोष्टच सगळा घात करते. आकाशाची आभा, दूरच्या गावातले दिवे, ढगांवरून परतणारा उजेड हे सगळं एकाच जागी स्थिर असल्यानं सेकंदागणिक साचत जातं. वीस सेकंदांऐवजी तीस मिनिटांचं एकच एक्स्पोजर घेतलं, म्हणजे शटर तेवढा वेळ सलग उघडं ठेवलं, तर पार्श्वभूमी 90 पट उजळते, उडत्या काजव्याची रेघ मात्र आहे तिथेच राहते आणि करड्या धुरकटात बुडून जाते. पानावर बसून चमकणारा काजवा तेवढा अपवाद : तो त्याच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा प्रकाश टाकतो, म्हणून पार्श्वभूमीसारखाच साचतो.

यावरचा तोडगा म्हणजे एक लांब एक्स्पोजर न घेता ट्रायपॉड न हलवता 15 ते 30 सेकंदांच्या पन्नास-शंभर फ्रेम घ्यायच्या आणि नंतर संगणकावर एकावर एक रचायच्या. याला स्टॅकिंग म्हणतात. रचताना नियम कोणता लावायचा, यावर सगळं अवलंबून. समजा अर्ध्या तासात वीस-वीस सेकंदांच्या नव्वद फ्रेम घेतल्या. नव्वद चाचण्यांचे गुण हातात असले तर त्यांची बेरीज करता येते, सरासरी काढता येते किंवा फक्त सर्वांत जास्त गुण धरता येतात. बेरजेत पार्श्वभूमी पुन्हा 90 पट होते. सरासरीत एकाच फ्रेममध्ये आलेली चमक नव्वदाव्या हिश्श्यावर येऊन विझते. ‘लाइटन’ नावाचा पर्याय प्रत्येक पिक्सेलसाठी नव्वद फ्रेममधली सर्वांत उजळ किंमत उचलतो. काजवा ज्या फ्रेममध्ये आला तिथली त्याची रेघ पूर्ण तेजानं टिकते आणि पार्श्वभूमी एकाच फ्रेमइतकी काळोखी राहते. काजव्यांचे गाजलेले फोटो बहुतांशी या एका नियमावर उभे आहेत.

नियमाला किंमतही मोजावी लागते. प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडा स्वैर गोंगाट असतो, कधी खऱ्यापेक्षा वर, कधी खाली. ‘सर्वांत उजळ’ निवडताना नेमका वरचा गोंगाट निवडला जातो. गोंगाट प्रसामान्य वितरणाचा धरला तर नव्वद फ्रेममधली कमाल किंमत सरासरीच्या सुमारे अडीच प्रमाण विचलन (गोंगाटाच्या नेहमीच्या चढउताराचं माप) वर बसते, म्हणून काळोख दुधाळ दिसू लागतो. (इथवर आल्यावर काहींनी मान हलवून पुढचा परिच्छेद गाठला असेल, हरकत नाही.) उपाय असा की पार्श्वभूमी सरासरीच्या स्टॅकमधून घ्यायची, काजवे ‘लाइटन’च्या स्टॅकमधून आणि दोन्ही मास्क (चित्राचा हवा तेवढाच भाग दिसू देणारा पडदा) वापरून जोडायचे.

हॉट पिक्सेल त्याहून खट्याळ. सेन्सर तापला की काही पिक्सेल प्रकाश नसतानाही पेटलेले दिसतात, तेही प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. मे महिन्यातल्या उकाड्यात तासभर सलग चाललेल्या कॅमेऱ्यात ते हमखास वाढतात. ‘लाइटन’ त्यांना सांभाळून ठेवतो. फोटोत टोकदार लाल किंवा निळे ठिपके दिसले आणि ‘इथे लाल काजवेही आहेत’ असं कोणी सांगितलं, तर ते बहुधा काजवे नसून हेच पिक्सेल असतात. भिंगाला झाकण लावून, तोच आयएसओ आणि तेवढाच वेळ ठेवून, सेन्सर गरम असतानाच दहा-पंधरा काळ्या फ्रेम घ्याव्यात आणि त्या वजा कराव्यात, की हे ठिपके जातात.

बाकी तयारी साधी पण काटेकोर. सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी, झाडाचा आकार दिसतो आहे तोवर एक स्वच्छ फ्रेम कमी आयएसओवर घ्यायची. तीच चित्राचा पाया. त्याच वेळी झाडावर फोकस करून ऑटोफोकस बंद करायचा आणि रिंगला चिकटपट्टी लावायची. अंधार पडल्यावर फोकस शोधायला बॅटरी मारावी लागते आणि काजवे थांबतात. लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करण्याची कॅमेऱ्यातली सोय) बंदच हवं. ते चालू राहिलं तर कॅमेरा प्रत्येक वीस सेकंदांनंतर आणखी वीस सेकंद स्वतःची काळी फ्रेम घेत बसतो आणि निम्मे काजवे हुकतात. दोन फ्रेममध्ये एका सेकंदाहून जास्त खंड नको. मागचा स्क्रीन झाकून टाकावा. पावसाआधीच्या दमट हवेत भिंगावर बाष्प धरतं, ते पुसत बसलं की कॅमेरा हललाच समजा. त्यापेक्षा भिंगाभोवती गुंडाळायचा छोटा हीटरचा पट्टा बरा. वारा सुटला असेल तर घरी परतावं. ‘लाइटन’मध्ये डोलणाऱ्या फांदीची प्रत्येक उजळ जागा उमटते आणि झाड लोकरीसारखं पिंजलेलं दिसतं.

फोटो पाहणाऱ्यालाही यातून एक कसोटी मिळते. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, तेव्हा अर्ध्या तासाच्या स्टॅकमध्ये ताऱ्यांच्या साडेसात अंशांच्या कमानी उमटायलाच हव्यात. काजवे हजारोंनी आणि तारे मात्र टिंबासारखे असतील तर आकाश वेगळ्या फ्रेममधून आणलेलं आहे. त्यात गुन्हा नाही, पण फोटोखाली ‘90 फ्रेम, प्रत्येकी 20 सेकंद, आकाश एका फ्रेममधलं’ असं लिहायला काय जातं? निखळ फसवणूक वेगळी असते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत 2017 साली एका गटात पहिलं आलेलं चित्र ब्राझीलमधलं होतं. रात्रीचं आकाश, चमकणाऱ्या अळ्यांनी लुकलुकणारं वारूळ आणि त्याकडे वळलेला मुंगीखाऊ. तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढल्यावर 2018 मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. छायाचित्रकारानं आरोप नाकारला. वारुळातल्या अळ्यांच्या प्रकाशावर मात्र कोणी शंका घेतली नाही.

हा प्रकाश ल्युसिफेरिन (किड्याच्या शरीरातलं प्रकाश देणारं द्रव्य), ऑक्सिजन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) यांच्या अभिक्रियेतून, ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीनं तयार होतो. ‘काजव्याचा प्रकाश शंभर टक्के कार्यक्षम’ हे वाक्य अजूनही लेखांतून फिरतं. अमेरिकेतल्या एका काजव्यावर 1960 मध्ये 88 टक्के हा आकडा मिळाला होता. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी पुन्हा मोजल्यावर तो 41 टक्के निघाला. ज्यांना अंधारात लुकलुकणारा उजेड म्हणजे देवचाराची चूड (भुताची मशाल) वाटते त्यांच्यापेक्षा शंभर टक्केवाले फार पुढे गेलेले नाहीत, दोघांनीही मोजून पाहिलेलं नसतं.

राहिला प्रश्न त्या ‘अहाहा’चा. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये विस्मयाचे दोन घटक मांडले : समोरचं दृश्य आपल्या आवाक्याहून विशाल वाटणं आणि ते समजून घ्यायला मनातली आधीची चौकट पुरी न पडणं. काजव्यांच्या स्टॅकमध्ये दोन्ही आहेत. झाड ओळखीचं, अंधार ओळखीचा, पण इतका प्रकाश तिथे कसा मावला हे कळत नाही. कधी अंगावर शहाराही येतो. सिंपथेटिक (आपल्या नकळत काम करणाऱ्या) चेतातंतूंच्या इशाऱ्यावर केसांच्या मुळाशी असलेले इवले स्नायू आखडतात, थंडीत आखडतात तेच. ही भावना खरी असली तरी तिच्या जिवावर विकलं जाणारं बरंच काही खोटं आहे. निसर्गाची छायाचित्रं पाहून जखमा भरतात, असे दावे करताना संशोधक रॉजर उलरिक यांच्या 1984 च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले. तिथे खिडकी होती आणि खरी झाडं होती. त्यावरून मोबाइलच्या वॉलपेपरपर्यंत उडी मारणं म्हणजे वरातीमागून घोडंही नाही, घोड्याशिवाय वरात.

फोटो काय गाळतो हेही सांगायला हवं. काही जातींचे काजवे लयीत चमकतात. एका फांदीवर सुरू झालेली लहर झाडभर धावत जाते, मग सगळं झाड एकदम विझतं आणि पुन्हा पेटतं. नराची ही हाक असते, मादी गवतात किंवा झुडपात बसून ती वाचते. काळ सपाट करणाऱ्या स्टॅकमध्ये लयीत चमकणारं झाड आणि वाटेल तसं चमकणारं झाड अगदी सारखं दिसतं. विस्मयाचा हा दुसरा प्रकार फक्त उघड्या डोळ्याला मिळतो. हेडलाइट, फ्लॅश आणि बॅटऱ्यांच्या झोतात मादीला नराची खूण वाचता येत नाही. प्रौढ काजव्याच्या हाती दोन-तीन आठवडेच असतात, त्यातली एक शनिवारची रात्रही स्वस्त नाही.

मोबाइलमध्ये काजवे का येत नाहीत याचंही उत्तर वर येऊन गेलं आहे. नाइट मोड अनेक छोट्या फ्रेम जुळवून त्यांची सरासरी काढतो, आणि एकाच फ्रेममध्ये दिसलेला ठिपका चूक समजून गाळून टाकतो. फोन ट्रायपॉडवर लावून ‘लाइट ट्रेल’ किंवा ‘स्टार ट्रेल’ची सोय असेल तर ती वापरावी, तिथे नियम सहसा ‘लाइटन’चाच असतो. ते चालू करून फोन पालथा न घालता स्क्रीन काळ्या कापडानं झाकावी आणि आपण बाजूला उभं राहावं. डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मधेच एकदा स्क्रीनकडे पाहिलं तर त्यातला बराच सराव वाया जातो. उजेड लागलाच तर मंद लाल वापरावा, लाल रंगाला दंडाकार पेशी फारशा दाद देत नाहीत. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली रात्र निवडावी आणि मोसमी पावसाची मोठी झड लागायच्या आत जावं.