रन ब्लॉक आणि पास ब्लॉक: फरक पुढे-मागे जाण्याचा नाहीये

ऑगस्ट उजाडला की इथे न्यू जर्सीत अमेरिकन फुटबॉलच्या प्रॅक्टिसच्या मैदानांवर तेच ते वाक्य सुरू होतं, "रनला पुढे जायचं, पासला मागे जायचं." म्हणजे आपला गडी बॉल घेऊन पळणार असेल (रन) तर अडवणाऱ्याने पुढे, बॉल फेकला जाणार असेल (पास) तर मागे. कोच सांगतात, कडेला फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेले बाबालोक सांगतात, आणि ज्यांचा मुलगा यंदा पहिल्यांदाच ऑफेन्सिव्ह लाइनवर (बॉल असलेल्या संघाच्या पुढच्या, अडवणाऱ्यांच्या रांगेत) उभा राहिलाय ते आपले मराठी पालकही गाडीत बसल्यावर त्याला तेच परत ऐकवतात. ऐकायला बरोबर वाटतं, पण याच वाक्यापायी बारा-तेरा वर्षांची चांगली धडधाकट पोरं पास ब्लॉकिंगमध्ये अडकून पडतात आणि मागे क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) मार खातो. मला आता हे ऐकवत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

रन ब्लॉक सगळ्यांना माहितीये. एक हात जमिनीवर, वजन पुढे, स्नॅप झाला (सेंटरने, म्हणजे रांगेतल्या मधल्या गड्याने, बॉल मागे दिला) की पहिलं पाऊल छोटं आणि झटपट, समोरच्याच्या छातीवर हात, कंबर खालून वर, आणि शिटी वाजेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत. पोरांना हे मनापासून आवडतं, कारण दिसेल त्याला ढकलायचं असतं. यावर जास्त बोलत नाही.

बारीकसारीक फरक पण पटकन सांगून टाकतो. पासला बऱ्याचदा हात जमिनीवर न टेकता दोन पायांवर उभं राहतात, वजन पुढे न टाकता दोन्ही तळव्यांवर सारखं ठेवतात, छाती वर असते. हे पोरगं दोन दिवसांत उचलतं. गोंधळ इथे नसतोच.

खरा फरक हा आहे की रन ब्लॉकमध्ये तुमचं टार्गेट माणूस असतो आणि पास ब्लॉकमध्ये टार्गेट जागा असते. क्वार्टरबॅक ड्रॉप घेऊन (मागे सरकून) सेंटरच्या साधारण सात यार्ड मागे उभा राहणार आहे असं धरा, आणि तिथून तुमच्या अंगावर येणाऱ्या डिफेन्सिव्ह एंडपर्यंत (समोरच्या रांगेतला कडेचा गडी, इथे तोच रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारा) एक रेघ ओढा. पोराला त्या रेघेवर उभं राहायचंय, किंचित आतल्या बाजूला, बस. रशर हलला की रेघ हलते, रेघ हलली की पोरगं हलतं. रशर बाहेरून वळसा घालून क्वार्टरबॅककडे निघालाय म्हणून रेघ मागे सरकते आणि त्यामुळे पोरगं मागे जाताना दिसतं. मागे जाणं हा नुसता परिणाम आहे, आणि आपण नेमका तोच काम म्हणून शिकवतो!

याने काय होतं ते राइट टॅकलकडे (रांगेतल्या उजव्या टोकाच्या ब्लॉकरकडे) बघून कळेल. समोरचा एंड त्याच्या बाहेरच्या खांद्याच्याही बाहेर उभा आहे. "मागे जा" ऐकलेलं पोरगं स्नॅपबरोबर टाचांवर वजन टाकून सरळ मागे पळत सुटतं. एंड बघतो की याच्या पायाखाली काही जोर नाही, सरळ छातीवर हात ठेवतो आणि त्याला क्वार्टरबॅकच्या अंगावर नेऊन बसवतो. पुढच्या वेळी पोराला ओरडा बसतो की अरे अडव ना त्याला, म्हणून ते उलट करतं, कंबरेतून वाकून डोकं पुढे घालून झेप घेतं. एंड एक हात त्याच्या खांद्यावरून काढतो आणि बाजूने निघून जातो. आणि मग तिसरा प्रकार, सगळ्यात वाईट: पोरगं बाहेरच्या वेगाला इतकं घाबरतं की पहिल्याच पावलाला कंबर साइडलाइनकडे फिरवतं, म्हणजे फाटकच उघडून देतं, आणि एंड आरामात आतून गार्डच्या (टॅकलच्या आतल्या बाजूच्या ब्लॉकरच्या) शेजारच्या गॅपमधून क्वार्टरबॅकवर जातो. तिन्ही चुका वेगळ्या दिसतात पण मूळ एकच आहे, पोराला कुठे असायचंय ते कोणी सांगितलेलंच नाही.

आता तेच नीट करू. राइट टॅकलचा उजवा पाय बाहेरचा. स्नॅपला तो पाय अर्धं पाऊल मागे आणि बाहेर, जमिनीपासून जेमतेम उचललेला. ढकलायचं काम आतल्या डाव्या पायाचं, आणि मग तो डावा पाय तेवढंच अंतर सरकत येतो, जास्त नाही. टाचा एकमेकींना लागायच्या नाहीत, पाय एकमेकांवर जायचे नाहीत, दोन पायांत सुरुवातीला जेवढं अंतर होतं तेवढंच शेवटी. याला किक-स्लाइड म्हणतात आणि हे उलटं चालणं नाहीये. खांदे जमेल तितका वेळ लाइनला समांतर, नाक रशरच्या आतल्या खांद्यासमोर. आणि थांबायचं. त्याला येऊ द्यायचं. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाई करणारा आत येईस्तोवर दम धरतो, आधीच झेपावला तर तो टिपून परत जातो, हे आपल्याकडे शाळेच्या मैदानावरच्या पोरालाही कळतं, इथेही हिशोब तोच.

आतली बाजू का जपायची? कारण आतला रस्ता सगळ्यात जवळचा. बाहेरून गेलेल्या रशरला तुम्ही त्याच्याच वेगाने आणखी मागे ढकलू शकता, क्वार्टरबॅक पॉकेटमध्ये (ब्लॉकर्सनी राखलेल्या जागेत) एक पाऊल पुढे येतो आणि रशर मागून निघून जातो. आतून गेलेल्याला कोणी नसतं. म्हणून बाहेरून जरा हरलं तर मी पोराला काही बोलत नाही, आतून हरलं तर लगेच बाजूला घेऊन पावलं परत करून घेतो.

आणि जिंकणं म्हणजे काय हेही वेगळं आहे, हे तर कोणी पोरांना सांगतच नाही. रनमध्ये समोरच्याला किती मागे रेटलं ते मोजायचं. पासमध्ये वेळ मोजायची, साधारण अडीच-तीन सेकंद. पोरगं तीन यार्ड मागे सरकलं, कोणाला पाडलं नाही, पण बॉल सुटेपर्यंत रेघेवर राहिलं तर ते जिंकलंय. त्याला स्वतःला ते हरल्यासारखं वाटतं कारण तोवर सगळं कौतुक पॅनकेकचंच (समोरच्याला पाठीवर पाडण्याचंच) झालेलं असतं, म्हणून लगेच, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगा की हेच पाहिजे होतं.

हातांबद्दल एक जुनं भूत अजून फिरतंय, की पास ब्लॉकमध्ये हात लांब केला की होल्डिंग (पकडण्याचा फाउल). एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) १९७८ साली नियम बदलला आणि हात लांब करून, पंजे उघडे ठेवून ब्लॉक करायला मोकळीक मिळाली, त्याआधी मुठी छातीजवळ ठेवून अडवायचे. आज हात समोरच्याच्या छातीच्या चौकटीत असले आणि पकडून खेचाखेची नसली तर काही अडचण नाही. चौकटीबाहेर हात गेला, जर्सी धरली, की १० यार्ड दंड. पण मी हात शेवटीच शिकवतो. आधी पोरांचे हात पाठीमागे ठेवायचे, समोर एकजण डावी-उजवीकडे नाचणार, आणि याने फक्त पायांनी त्याच्यासमोर राहायचं. हात मोकळे असले की पोरं पायांचं काम हातांवर ढकलतात.

दोन गोष्टींचा मला खरंच राग येतो. एक, पास ब्लॉकसाठी स्लेड (ढकलायची, गादी लावलेली घसरगाडी) वापरणं. स्लेड रनसाठी छान, पण ते बाजूला पळत नाही, आतून कट मारत नाही, त्यावर रोज आपटून पोरगं झेप घ्यायलाच शिकतं. दुसरं म्हणजे कडेवरून "लो! लो!" ओरडणं. पोराला गुडघे वाकवायचे असतात पण ते ऐकून कंबर वाकवतं, डोकं खाली जातं, समोरचा दिसेनासा होतो आणि मानेला धोका तो वेगळाच. "गुडघे" म्हणा, "छाती वर" म्हणा.

बघून शिकायचं असेल तर क्लीव्हलँड ब्राउन्सच्या जो थॉमसचे जुने सामने लावा. लेफ्ट टॅकल, लागोपाठ १०,३६३ स्नॅप्स खेळला, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. बॉल कुठे गेला ते सोडून द्या, पोराला फक्त ७३ नंबरचे पाय बघायला सांगा, किती घाई नसते त्याला.

आता प्ले-अॅक्शन, म्हणजे रनचं नाटक करून पास. तिथे पास असूनही सुरुवात रनसारखी दाखवायची असते, खाली राहून, अंगावर जाऊन, त्यामुळे "पासला मागे" वालं वाक्य तिथे सपशेल आडवं होतं. पण रनसारखं दाखवता दाखवता पोरगं खरंच रन ब्लॉक करत पुढे गेलं की फ्लॅग पडतो (फाउल धरला जातो), कारण फॉरवर्ड पास सुटायच्या आधी लाइनमन फार पुढे गेलेला चालत नाही. बहुतेक राज्यांच्या हायस्कूल नियमांत २ यार्ड, कॉलेजात ३, एनएफएलमध्ये १, आणि दंड ५ यार्ड. म्हणून किक-स्लाइड अंगात भिनेपर्यंत मी प्ले-अॅक्शन काढतच नाही, आणि काढलं की सुरुवातीला लाइनच्या पुढे दोन यार्डांवर खुणेचा शंकू (कोन) ठेवतो, ते ओलांडलं की प्ले तिथेच थांबवून परत पहिल्यापासून.