होडी घ्यायची तर आधी तिचं पोट बघा

होडी विकत घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो. किती अश्वशक्तीचं, किती हंगाम चाललेलं, डिझेल किती पितं. पण इंजिन उद्या बदलता येतं. तळाचा आकार एकदा ठरला की ठरला, आणि दर्याशी गाठ पडते ती त्या आकाराचीच.

कोकणात हे आकार बघायला कुठे लांब जावं लागत नाही. ओहोटी लागली की होड्या पोट उघडं टाकून पडलेल्या असतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या पुळणीवर हलक्या, माणसांनी ढकलून वर ओढलेल्या. सातपाटी-वर्सोव्याकडे खाडीच्या चिखलात टेकलेल्या, रुंद आणि जड. ढोबळमानाने तळ तीन प्रकारचे. एक परातीसारखा सपाट, दुसरा कढईसारखा गोल, आणि तिसरा मधोमध धार असलेला, नांगराच्या फाळासारखा. बाकीचे आकार म्हणजे या तिघांची कमीजास्त भेसळ.

परात पाण्यात सोडून तिच्या कडेवर बोट दाबा. ती सहज कलत नाही. दाबलेल्या बाजूचा बराच भाग पाण्यात जातो, तिथलं पाणी तिला वर ढकलतं, आणि परात सरळ होते. हे सरळ होणं मुख्यतः रुंदीवर अवलंबून असतं, तेही रुंदीच्या घनावर. लांबी दुप्पट केली तर कलण्याला होणारा विरोध दुप्पटच होतो. रुंदी नुसती सव्वापट केली तरी तो जवळजवळ दुप्पट होतो. मग रुंद आणि सपाट होडीच घ्यावी की!

इथेच गिऱ्हाईक फसतं. परात स्थिर असते ती पाण्याच्या पृष्ठभागाशी, क्षितिजाशी नाही. खाडीत पाणी सपाट, म्हणून होडीही सपाट. बाहेर समुद्रात मात्र पाण्यालाच उतार असतो. ‘स्थिर’ होडी इमानेइतबारे त्या उताराशी समांतर होते, लाट पुढे सरकली की तितक्याच तत्परतेने उलट्या बाजूला झुकते. खलाशाच्या पायांखाली झटक्यांवर झटके बसतात. गोल तळाची होडी जास्त डुलते, पण संथ डुलते. तिच्यावर उभं राहून जाळं ओढता येतं. अंदाजासाठी एक हिशेब सांगतो. तीन मीटर रुंदीची होडी फार ताठ, म्हणजे कलायला फार विरोध करणारी असेल, तर एका बाजूला झुकून, दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा परत यायला तिला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. तीच थोडी मऊ असेल तर पावणेचार. सव्वा सेकंदाचा फरक कागदावर काहीच नाही, पण दिवसभर मासे निवडणाऱ्या माणसाच्या कमरेला तो बरोबर कळतो.

अर्थात मऊपणालाही मर्यादा आहे. नेहमीची होडी एखाद्या दिवशी आळसावल्यासारखी सावकाश डुलायला लागली, तर ते सुख नव्हे. वजन फार उंचावर चढलंय, किंवा तळात पाणी साचून इकडून तिकडे सरकतंय, याची ती खूण असते.

आता वेगाकडे वळू. होडी पुढे जाताना नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाणी दुभंगून लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली, की होडीची नाळ एका माथ्यावर आणि मागची बाजू दुसऱ्या माथ्यावर येते. त्यापुढे वेग वाढवायचा तर मागचा भाग खळग्यात बसतो आणि होडीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. हा वेग काढायचं गणित सोपं आहे: पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेचारने गुणा. उत्तर तासाला किलोमीटरमध्ये येतं. ९ मीटरच्या होडीला साडेतेरा, १६ मीटरच्या होडीला अठरा. दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तरी पाणी कापत जाणारी जड होडी या आकड्यापुढे फारशी सरकत नाही. डिझेल तेवढं जास्त जळतं, मागे लाटा मोठ्या उठतात, आणि बघणाऱ्याला वाटतं काय जोरात चाललीय!

यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे लाट चढून तिच्या पाठीवर बसायचं. त्यासाठी होडी हलकी हवी आणि तळाचा मागचा भाग बऱ्यापैकी सपाट हवा, म्हणजे वेगात पाणीच तिला वर उचलून धरतं. बाहेरून इंजिन लावलेल्या फायबरच्या छोट्या होड्या अशाच पळतात. पण सपाट तळ वेगात लाटेवर आपटतो, अक्षरशः कानफटात मारल्यासारखा. म्हणून पुढे धार आणि मागे सपाटी, अशी तडजोड बहुतेक ठिकाणी दिसते. धार जितकी खोल, तितकी आपटाआपटी कमी. पण तेवढी ताकद जास्त लागते, आणि पुळणीवर होडी एका कुशीवर लवंडून बसते.

‘सगळ्यात चांगला आकार कुठला’ हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड या अभियंत्याने १८६७ मध्ये दोन आकारांचे नमुने बनवून नदीत ओढून पाहिले. एक टोकदार, त्याचं नाव ‘रेव्हन’ म्हणजे डोमकावळा. दुसरा गुबगुबीत टोकांचा, ‘स्वान’ म्हणजे हंस. तेव्हाचे जाणकार टोकदार आकाराच्या बाजूने होते. कमी वेगात डोमकावळ्याला खरोखरच कमी विरोध झाला. वेग वाढवल्यावर मात्र हंस सरस ठरला. आधी वेग सांगा, मग आकार विचारा, असा त्याचा अर्थ.

आणि मच्छीमाराचा वेग ठरवतं त्याचं जाळं. ट्रॉलरला जाळं समुद्रतळाशी ओढायचं असतं, तेही माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने. तिथे पळणारा तळ काय कामाचा? तिथे हवा खोल, जड मागचा भाग, ज्याच्याखाली मोठा पंखा पूर्ण बुडालेला राहील. डोल, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, लावणाऱ्याला भरती-ओहोटीचा जोर थांबेल त्या थोड्या वेळात जाळं उपसायचं असतं, म्हणून त्याला मोकळी, रुंद जागा हवी. किनाऱ्याजवळ वागरा जाळं टाकून पहाटे परतणाऱ्याला वेग उपयोगी, कारण ताज्या मासळीला लिलावात भाव मिळतो.

मला स्वतःला या सगळ्यात जास्त भावते ती उलांडीची होडी. इतकी अरुंद, की एकटी पाण्यात सोडली तर उलटीच व्हावी. पण एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी लाकडाचा ओंडका तरंगत असतो, ती उलांडी. होडी त्या बाजूला कलली तर ओंडका बुडायला नकार देतो; उलट्या बाजूला कलली तर त्याचं वजन तिला खाली ओढतं. ओंडका होडीपासून दूर असल्यामुळे थोडं वजनही पुरतं, तराजूच्या लांब दांडीसारखं. अरुंद अंगामुळे पाणी कमी अडतं, वल्ही मारणं सोपं जातं, आणि दुसरी बाजू रांपणीचं जाळं सोडायला मोकळी राहते. सगळी रुंदी आहे, पण पाण्याला ती फारशी कळतच नाही.

लाकूड की फायबर, हा वाद मी इथे फार वाढवत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की जुन्या लाकडी होडीचा साचा जसाच्या तसा घेऊन फायबरची होडी काढली तर ती हलकी होते, पाण्यावर उंच तरंगते आणि जास्त झटके देते. तळात वजन टाकून तिला बसवावी लागते.

विकणाऱ्याला होडी खाडीत न्यायला सांगा. इंजिन बंद करा, एका कडेवर जोर देऊन तिला हलवा आणि घड्याळ लावून दहा हेलकावे मोजा. मग जाळी, बर्फ आणि माणसं चढवून पुन्हा मोजा. दुसऱ्या खेपेला वेळ फारच लांबला, तर बर्फाचा खण कुठे आहे ते आधी बघा. किमतीचं नंतर बोलू.