काँग्रेशनल कप

काँग्रेशनल कप : शिडाच्या होड्यांची, मॅच रेसिंग या प्रकारातील दरवर्षी होणारी स्पर्धा. कॅलिफोर्नियातील लाँग बीच यॉट क्लब १९६५ पासून ही स्पर्धा भरवतो. एका लढतीत दोनच होड्या, दोन्ही एकाच घडणीच्या, आणि आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, या चषकाला मान्यता दिली त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडच्या पक्षाशी त्याचा संबंध नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात शिडाची होडी सहसा नजरेस पडत नाही. समुद्र पाहायचा तर घाट उतरून गोवा नाहीतर कारवार गाठावे लागते. राकसकोप आणि हिडकलकडे आपण नळाचे आणि उसाचे पाणी म्हणूनच पाहतो. तरीही मॅच रेसिंग समजायला इथल्या माणसाला वेगळी शिकवणी लागत नाही, कारण कुस्तीचे मैदान त्याने पाहिलेले असते. इतर शिडांच्या शर्यतींत वीस-तीस होड्या एकदम सुटतात आणि पाचव्या-सातव्या क्रमांकालाही गुण असतात. मॅच रेसिंगमध्ये जोड लागलेली असते. समोरचा एकच, त्याला मागे टाकले की काम झाले. किती वेळ लागला हे कोणी विचारत नाही. म्हणून पुढे गेलेला तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, वेगाच्या मागे लागत नाही. तो मागच्याच्या आणि वाऱ्याच्या मध्ये आपले शीड आणून ठेवतो. त्या शिडामागचा वारा मोडलेला, विस्कटलेला असतो आणि मागच्या होडीचा दम त्यातच जातो. मागच्याने दिशा बदलली की पुढचाही बदलतो. छातीवर बसलेला पैलवान खालच्याला कूस बदलू देत नाही, तसाच हा कब्जा.

खरी लढत शर्यत सुटण्याआधीच जुंपते. सुटण्याला चार मिनिटे उरली की दोन्ही होड्या सुरुवातीच्या रेषेच्या दोन विरुद्ध टोकांकडून आत शिरतात. एकीच्या मागे पिवळा झेंडा, दुसरीच्या मागे निळा. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला वाटेचा हक्क असतो, डाव्या अंगाने वारा घेणारीने तिला वाट द्यायची. त्यामुळे पिवळ्या झेंड्याची होडी आत येताच थेट निळ्यावर चालून जाते. निळी वाऱ्याच्या तोंडाला वळते, पिवळीही वळते, आणि दोन्ही शेजारी शेजारी थबकतात. मध्ये हात-दोन हात पाणी, शिडे फटाफट आपटताहेत, कोणी पुढे सरकत नाही. आपल्या मातीत याला खडाखडी म्हणतात. आधी कोण डगमगतो, कोणाची होडी मागे घसरून सुकाणू निकामी होते, यावर पुढची वीस मिनिटे ठरून जातात. जाणकार प्रेक्षक या चार मिनिटांसाठीच येतात.

एकास एक शर्यतीची परंपरा या स्पर्धेहून बरीच जुनी आहे. ‘अमेरिका’ नावाच्या गलबताने १८५१ मध्ये इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती शर्यत जिंकली, ती मात्र पुष्कळ होड्यांच्या गर्दीत. तिच्याच नावाने पुढे अमेरिका कप सुरू झाला. १८७० च्या पहिल्या आव्हानातही एकट्या इंग्लिश होडीला न्यूयॉर्कच्या संपूर्ण ताफ्याशी झुंजावे लागले. एकावर सगळे हा अन्याय उघड होता. १८७१ पासून लढत एकास एक झाली. बर्म्युडाच्या रॉयल यॉट क्लबाने १९३७ पासून किंग एडवर्ड सातवा गोल्ड कप सारख्या घडणीच्या होड्यांवर खेळवायला घेतला. पैसा आणि होडीचा नकाशा बाजूला ठेवून माणसाची कसोटी पाहायची, ही वाट तिथून सुरू होते.

अमेरिका कपाची अडचण अशी की तो काही वर्षांच्या अंतराने होतो आणि त्याची होडी बांधायला अफाट पैसा लागतो. मोठ्या मैदानाची कुस्ती आहे पण रोजची तालीम नाही, अशी खलाशांची अवस्था होती. ती जागा लाँग बीचने भरून काढली. होडी स्वतः बांधायची नाही, खर्च आटोक्यात, आणि लढत दर वर्षी. अमेरिकी तांडेल डेनिस कॉनर १९७३ आणि १९७५ मध्ये इथे जिंकला. दुसरा अमेरिकी तांडेल टेड टर्नर याने १९७७ मध्ये इथे बाजी मारली आणि त्याच वर्षी ‘करेजस’ होडीवर अमेरिका कपही राखला. कॉनरच्याच हातून १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिका कप ४–३ असा हिसकावला आणि १३२ वर्षांची अमेरिकी मक्तेदारी संपली. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला जाऊन कॉनरने तो ४–० ने परत आणला. दर वर्षीच्या तालमीची किंमत अशा माणसांच्या कारकिर्दीत दिसते.

या स्पर्धेने खेळाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट १९८८ मधली आहे. तोवर पाण्यावर तक्रार झाली की लाल झेंडा दाखवायचा, शर्यत पुरी करायची, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर बंद खोलीत साक्षी-पुरावे व्हायचे. आधी रेषा ओलांडलेला रात्री हरलेला निघे. प्रेक्षक तोवर घरी गेलेले असत. १९८८ मध्ये लाँग बीचला पंच स्वतःच छोट्या मोटारबोटीतून दोन्ही होड्यांच्या मागे फिरू लागले आणि जागच्या जागी निवाडा देऊ लागले. तक्रारीचा झेंडा वर गेला की काही क्षणांत उत्तर येते : हिरवा-पांढरा म्हणजे दंड नाही, निळा किंवा पिवळा म्हणजे त्या रंगाच्या होडीला दंड. दंड झालेल्या होडीने एक वळसा घ्यायचा. तो लगेच घेतला पाहिजे असे नाही, शेवटपर्यंत लांबवता येतो; दरम्यान समोरच्यालाही दंड झाला तर दोन्ही फिटतात. त्यामुळे मागे पडलेलाही शेवटच्या वळणापर्यंत समोरच्याला चूक करायला लावण्याच्या प्रयत्नात राहतो. काळा झेंडा निघाला तर होडी बादच. पंच हौद्यात उभा राहून कुस्ती सोडवतो, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की यात नवल ते काय, असे वाटेल. पण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याच्या तारखा मोजणाऱ्या सीमाभागाला, निकाल जागेवर लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आज जगभरच्या मॅच रेसिंगमध्ये हीच पद्धत चालते.

स्पर्धेच्या होड्या म्हणजे कॅटलिना ३७ हा नमुना, लांबी ३७ फूट, खास या स्पर्धेसाठी घडवलेला. कोणाच्या वाट्याला बरी होडी आली ही कुरकुर राहू नये म्हणून खेळाडू होड्या आलटून पालटून घेतात. साधारण दहा-बारा तांडेल येतात. आधी प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, मग उपांत्य आणि अंतिम फेरी. बोलावणे न आलेल्यांसाठी फिकर कप ही पात्रता स्पर्धा त्याच क्लबात आधी होते. तिला बिल फिकरचे नाव आहे. १९७० मध्ये त्याने ‘इंट्रेपिड’वर अमेरिका कप राखला होता. शर्यती बेलमाँट धक्क्याजवळ होतात, त्यामुळे लोक धक्क्याच्या कठड्याला टेकून अगदी जवळून पाहू शकतात. दुपारी समुद्रावरून वारा उठतो तेव्हा खेळ रंगात येतो. विजेत्याच्या अंगावर गडद लाल ब्लेझर चढवला जातो. मैदान मारलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, तसाच त्याचा मान. टेलर कॅनफिल्डने तो २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे मिळवला.

महिलांची मॅच रेसिंग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये झाली आणि स्पेनने सुवर्ण जिंकले. पुढे हा प्रकार तिथून गेला. भारताला २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत मॅच रेसिंगचे कांस्य मिळाले, त्या चमूत फारोख तारापोर होते. आपल्याकडचे शिडाचे खेळाडू पुष्कळसे सैन्यदलांतून येतात, आणि त्यांच्या तालमी सगळ्या समुद्रावर नाहीत : हैदराबादचा हुसेनसागर तलाव आहे, पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे, आणि घटप्रभेवर हिडकलचा एवढा मोठा जलाशय पसरलेला आहे. त्या पाण्यावर एक तरी शीड उभे राहावे, अशी या नोंदकाराची मनापासूनची इच्छा आहे.