वावरातला आरसी ट्रक आणि शॉकअपमधलं तेल

रिमोटवर चालणारा एक-दशांश मापाचा ऑफरोड ट्रक शहरातल्या तयार ट्रॅकवर पळतो, तसा वर्धा-यवतमाळकडच्या वावरात पळत नाही. पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं रान, मध्ये धुरा, धुऱ्यापलीकडे बंडीच्या चाकांनी खोल गेलेली पांदण. अशा जागी ट्रक उधळायला, उलटायला लागला की बहुतेक पोरं कडक स्प्रिंग टाकतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी शॉकअपमधलं, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळीतलं, तेल बघा.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते, ती जिरवत नाही. जिरवायचं काम तेलाचं. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल रेटलं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. अडीच किलोचा ट्रक मीटरभर उंचीवरून पडला तर सेकंदाला ४.४ मीटर वेगाने जमिनीवर येतो. म्हणजे जवळपास २५ ज्यूल ऊर्जा. सस्पेन्शनची चाल ४ सेंटीमीटर धरली, तर तेवढ्यात थांबण्यासाठी वजनाच्या सुमारे पंचवीसपट बल लागतं. याच प्रमाणात मोठ्या ट्रकने दहा मीटरवरून उडी मारायला हवी! गाडी लहान करता येते, गुरुत्वाकर्षण नाही.

स्प्रिंग किती कडक हवी, हे मोजायला फूटपट्टी पुरते. कॉलर, म्हणजे शॉकअपवर स्प्रिंगला दाबून धरणारी फिरती कडी, स्प्रिंगला जेमतेम टेकलेली ठेवा आणि ट्रक स्वतःच्या वजनाने किती खाली बसतो ते पाहा. १० मिलिमीटर बसला, तर तो सेकंदाला साधारण ५ वेळा वरखाली डोलणार. २५ मिलिमीटर बसला तर ३ वेळा. आता कपाशीच्या ओळींवरून आडवा ट्रक न्या. ओळींत ९० सेंटीमीटर अंतर असेल, तर ताशी १६ किलोमीटर वेगाला सेकंदाला ५ उंचवटे चाकाखाली येतात. झोक्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी धक्का द्यावा तसं होतं आणि ट्रक उड्या मारत सुटतो. घाबरून वेग कमी करणारा पुष्कळदा याच वेगाशी येऊन अडकतो. तोच ट्रक दुप्पट वेगाने नेला, तर चाकं उंचवटे झेलत राहतात आणि वरचं धड बरंच स्थिर राहतं. अनुनादाचं इतकं उघड प्रात्यक्षिक प्रयोगशाळेतही सहज दिसत नाही.

अनुनादाच्या वेगातून जावंच लागतं, आणि तिथे उसळी आवरतं ते तेलच. आरसीच्या शॉकअपमध्ये सिलिकॉन तेल असतं. बहुतेक डब्यांवर सेंटीस्टोकचा, म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा, आकडा असतो, पण तो २५ अंश सेल्सिअसला मोजलेला. विदर्भात पारा वर्षभरात २५ वर थांबतो किती? थंडीतल्या पहाटे १० अंश, मे महिन्यात दुपारी ४५. सिलिकॉन तेल साध्या खनिज तेलापेक्षा उष्णतेला कमी बधतं, तरीही ३५० चं तेल १० अंशांना अंदाजे ४८० सारखं वागतं आणि ४५ अंशांना २४० सारखं. म्हणजे ट्रक तोच, स्प्रिंग तीच, आणि धक्का जिरवण्याची ताकद निम्म्यावर. जानेवारीत जमवलेली सेटिंग उन्हाळ्यात बिघडली असं वाटतं ते यामुळेच. उन्हाळ्यासाठी ५०० चं तेल भरलं की ४५ अंशांना ते साधारण ३५० ची जागा घेतं.

पिस्टनची छिद्रं हा यातला सगळ्यात सुंदर भाग. तेल संथ वाहत असताना छिद्राचा व्यास १० टक्के वाढला, तर अवरोध जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो. मे महिन्याची उष्णता २५ अंशांच्या तुलनेत जेवढा फरक पाडते, तेवढाच. पण ढेकळावर चाक आपटतं तेव्हा पिस्टन इतका वेगाने सरकतो की तेलाला वाट मिळत नाही आणि शॉकअप क्षणभर दगडासारखा ताठ होतो. तिथे तेलाच्या घट्टपणापेक्षा छिद्रांचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. म्हणून आपल्या ढेकळांच्या रानासाठी मोठी छिद्रं आणि घट्ट तेल ही जोडी मला योग्य वाटते: वळणावर ट्रक कलंडत नाही आणि ढेकळावर चाक मोकळेपणी वर जातं. निव्वळ उंच उड्या मारायच्या असतील तर छिद्रं लहान हवीत.

कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, हा पक्का गैरसमज आहे. त्याने फक्त ट्रकची उंची वाढते. खरी कडकी शॉकअपच्या जागेवर ठरते. खालचं टोक आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर, म्हणजे चाकाकडे सरकवलं, तर चाकापाशी जाणवणारी कडकी स्प्रिंगच्या कडकीच्या ०.३६ वरून ०.४९ पट होते, कारण इथे गुणोत्तराचा वर्ग लागतो. एक स्क्रू हलवून स्प्रिंग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कडक!

पावसाळ्यात मात्र यातलं काही चालत नाही. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं, चाकाला लोळागोळा होऊन चिकटतं आणि जड झालेलं चाक जमिनीचा पाठलाग करू शकत नाही.

तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करून सगळे बुडबुडे निघू द्या, कारण हवा दाबली जाते, तेल जवळपास दाबलंच जात नाही. मग ज्या वेळी चालवायचा त्याच वेळच्या उन्हात ट्रक थोडा वेळ ठेवा आणि हाताने दाबून सोडा. वर येऊन किंचित पुढे गेला आणि एकदाच परतून थांबला, तर तेल बरोबर. डोलत राहिला तर घट्ट तेल घ्या. रेंगाळत वर आला तर पातळ.