सीएसआयआर नेटचा अर्ज भरताय? आधी जातीचा कागद उलगडून वाचा

सागरी भूविज्ञान किंवा मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायची, तर फेलोशिपसाठी सरळ वाट सीएसआयआर-यूजीसी नेटची, म्हणजे विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये. या दोन्ही विषयांचा स्वतंत्र पेपर नाही. समुद्रतळाचा गाळ अभ्यासायचा असेल तर भू-विज्ञानाचा पेपर निवडा, मेंदूसाठी जीवविज्ञानाचा. एम.एस्सी.ला खुल्या प्रवर्गात 55 टक्के लागतात, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 50. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज चालतो. फॉर्म परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या (राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या) संकेतस्थळावर भरायचा.

गाडं अडतं ते ओबीसीच्या कागदावर. कॉलेज प्रवेशाच्या वेळी सेतूतून काढलेलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं असतं, इथे केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. ओळखायचं कसं? केंद्राच्या प्रमाणपत्रात भारत सरकारच्या 8 सप्टेंबर 1993 च्या कार्यालयीन ज्ञापनाचा उल्लेख असतो. तो नसेल तर कागद चुकीचा. सेतूत नुसतं 'नॉन-क्रिमीलेअर पाहिजे' म्हणाल तर राज्याचंच हातात पडेल. 'केंद्राचं' असं स्पष्ट सांगा. आणि त्याआधी केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात महाराष्ट्राच्या पानावर आहे का, हे बघा. एसबीसी, व्हीजे, एनटी हे राज्याचे प्रवर्ग, त्यांचे रकाने केंद्राच्या फॉर्ममध्ये नसतात. या प्रवर्गांतली तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी, नाहीतर खुला.

क्रिमीलेअरच्या वार्षिक 8 लाखांच्या मर्यादेत शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरदार आईवडिलांचं पद मात्र बघतात. शेती आहे म्हणून घाबरून कित्येक पोरं खुल्यातून फॉर्म भरतात, ते नका करू.

ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) उलटं आहे. तिथे शेतीचं उत्पन्न धरतात, शिवाय कुटुंबाच्या नावे 5 एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर विषयच संपला. यवतमाळची कोरडवाहू पाच एकर आणि बारमाही ओलिताची पाच एकर या नियमाला सारखीच! हा अन्याय आहे, पण नियम तोच आहे. एकट्या वडिलांचा सातबारा बघून थांबू नका, आईच्या नावचा आठ-अ सुद्धा काढा. हे प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरतंच चालतं, म्हणून गेल्या वर्षीचं जोडू नका.

दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. फॉर्ममध्ये नाव सनदेप्रमाणेच टाका. आधारमध्ये फरक असेल तर फॉर्म सुटायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा कधीच नाही. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि प्रवेशपत्राच्या दिवशी त्याचं शटर बंद असतं.

पैसे कटले म्हणजे फॉर्म गेला असं समजू नका. पुष्टीपत्रक उघडलं, डाउनलोड झालं, तरच अर्ज पोचला.

नेट निघाल्यावरही गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून किंवा हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातून बोलावणं आपोआप येत नाही. पीएच.डी. प्रवेशाचा अर्ज वेगळा असतो, त्याची तारीखही वेगळी असते.