मैदानावर मोडलेला कणा आणि ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द

१९५५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट लुइस ए अँड एम या लहानशा कॉलेजकडून रे डेनिसन नावाचा तरुण फुटबॉलच्या सामन्यात उतरला. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, आणि अंगावर धावून जाऊन माणूस पाडणं हाच खेळाचा गाभा. डेनिसनच्या डोक्याला जबर मार बसला आणि तो वाचला नाही. तो सैन्यातून परतलेला, संसारी माणूस होता. पेट्रोल पंपावर काम करत होता, कॉलेजच्या संघाने त्याला खेळण्यासाठी बोलावून घेतलं होतं. त्याच्या मागे त्याच्या पत्नीने, बिली डेनिसनने, राज्याच्या औद्योगिक आयोगाकडे अर्ज केला. कामावर असताना माणूस दगावला तर घरच्यांना जी भरपाई मिळते, ती तिने मागितली होती.

कॉलेजचे खेळाडू नोकरदार आहेत का, त्यांना युनियन काढता येईल का, हा वाद आज अमेरिकेत जोरात आहे. त्याची बातमी बहुतेक वेळा पैशांच्या आकड्यांनी सुरू होते: कुणाला किती लाख डॉलर मिळाले, कुठल्या विद्यापीठाने कुणाला फोडलं. मला मात्र या इतिहासाची सुरुवात बिली डेनिसनच्या अर्जापासूनच करावीशी वाटते. हा प्रश्न कोर्टात पहिल्यांदा नेला तो जखमी खेळाडूंनी आणि त्यांच्या माणसांनी.

तिच्या अर्जाला आधार होता. १९५३ मध्ये याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्नेस्ट नेमेथ या डेन्व्हर विद्यापीठाच्या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला होता. सरावात त्याची पाठ दुखावली होती. विद्यापीठाने त्याला टेनिस कोर्टांच्या देखभालीचं काम दिलं होतं, महिना ५० डॉलरवर. जो फुटबॉलमध्ये चमक दाखवेल त्यालाच हे काम मिळे आणि संघातून गेला की कामही जाई, हे साक्षीपुराव्यात उघड झालं. न्यायालय म्हणालं, मग हा खेळ त्याच्या नोकरीचाच भाग झाला, भरपाई द्या. आपल्याकडे १९२३ पासून कामगार नुकसानभरपाईचा कायदा आहे, त्याच जातीचा हा कायदा: चूक कुणाची हे विचारायचं नाही, इजा कामावर झाली का एवढंच पाहायचं.

बिली डेनिसनला आयोगाने भरपाई मंजूर केली. विमा निधी अपिलात गेला आणि १९५७ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला. कारण दिलं ते असं की कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, आणि या करमणुकीतून त्याला काही लाभही होत नाही.

याच काळात कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेची सूत्रं वॉल्टर बायर्स यांच्या हाती होती. १९५१ ते १९८७ अशी ३६ वर्षं ते तिचे कार्यकारी प्रमुख होते. निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की राज्यांचे औद्योगिक आयोग आणि न्यायालयं खेळाडूंना नोकरदार ठरवतील या धास्तीने आम्ही ‘स्टुडंट-ॲथलीट’, म्हणजे विद्यार्थी-खेळाडू, ही संज्ञा घडवली आणि नियमांमध्ये जिथे जिथे ‘खेळाडू’ होतं तिथे ती बसवली. हा शब्दप्रयोग त्याआधी कुणी केलाच नव्हता असं नाही. पण नियमपुस्तकात तो ज्या हेतूने बसला तो हेतू बसवणाऱ्यानेच सांगितला आहे. उत्तरायुष्यात बायर्स आपण उभारलेल्या व्यवस्थेवरच कठोर टीका करत राहिले. हा कबुलीजबाब मला या सगळ्या इतिहासातला सर्वात मोलाचा दस्तऐवज वाटतो.

‘खेळाडू हौशी आहेत’ हा एनसीएएचा दुसरा आधार. हौशी हा शब्द आपल्याला नाट्यस्पर्धांमुळे जवळचा आहे. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातही तो आहे. आपल्याकडच्या हौशी कबड्डीपटूंची एक गोष्ट मात्र वेगळी होती: रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्या त्यांना खेळाच्या जोरावर नोकरीत घेत. माणूस मैदानावर हौशी असे, पण हजेरीपटावर त्याचं नाव असे आणि पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी सगळं त्याच्या मागे असे. अमेरिकी कॉलेजांनी हौस ठेवली, हजेरीपट ठेवला नाही.

मुळात ती हौस तरी निखळ होती का? अमेरिकेत दोन विद्यापीठांमधला पहिला क्रीडासामना १८५२ चा, हार्वर्ड आणि येल यांची नौकास्पर्धा, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर. त्या भागात नव्याने सुरू झालेल्या रेल्वेमार्गाला प्रवासी मिळावेत म्हणून रेल्वेच्या अधिकाऱ्याने ती योजली आणि दोन्ही चमूंचा खर्च रेल्वेने उचलला. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रायोजक होताच. १९०४ साली येलच्या फुटबॉल संघाचा कर्णधार जेम्स होगन याला फी आणि जेवण माफ होतं, सामन्यांची गुणपत्रकं विकण्याचा हक्क होता, एका तंबाखू कंपनीच्या सिगारेटची एजन्सी होती, वर क्युबाची सहल. १९३९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूंनी संप केल्याची नोंद आहे. तक्रार अशी की वरच्या वर्गातल्यांना आमच्यापेक्षा जास्त पैसे मिळतात.

एनसीएएचा जन्मही जखमांतूनच झालेला. फुटबॉलमध्ये इतके खेळाडू जखमी होत आणि दगावत होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी एक संघटना उभी राहिली, तिलाच १९१० मध्ये एनसीएए हे नाव मिळालं. खेळाडूचा जीव वाचवणं हे तिचं पहिलं काम. पन्नास वर्षांनी तीच संस्था मेलेल्या खेळाडूच्या बायकोला भरपाई मागता येऊ नये याची तजवीज करत होती. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

१९५६ मध्ये एनसीएएने क्रीडा शिष्यवृत्ती अधिकृत केली. खेळाच्या बदल्यात फी, राहणं, जेवण, पुस्तकं. यालाच पगार म्हणायचं नाही, हा दंडक. १९७३ मध्ये चार वर्षांच्या शिष्यवृत्तीऐवजी एकेका वर्षाची शिष्यवृत्ती आली, दरवर्षी नूतनीकरण. हा बदल वरवर कागदी दिसतो. पण चार वर्षांची हमी असलेल्या मुलाला संघ सोडून अभ्यासाकडे वळता येत होतं. वर्षाच्या करारावर असलेल्या मुलाची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहील की नाही हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर गेलं. मालक आणि नोकर यांच्यातलं नातं याहून वेगळं काय असतं?

पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९७४ रोजी, टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा वीस वर्षांचा केंट वाल्ड्रेप अलाबामाविरुद्धच्या सामन्यात डोक्यावर पडला आणि मानेपासून खाली लुळा झाला. विद्यापीठाने सुमारे नऊ महिने उपचाराची बिलं भरली, मग थांबवली. घरच्यांना लोकांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. पुढे वाल्ड्रेपने दावा लावला, आणि १९९३ मध्ये टेक्सासच्या भरपाई आयोगाने तो नोकरदारच होता असं मान्यही केलं. विमा कंपनी लढली. १९९७ मध्ये ज्यूरीने उलट कौल दिला, आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला: शिष्यवृत्ती म्हणजे वेतन नव्हे. दरम्यान १९८३ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयानेही सरावात लुळ्या झालेल्या फ्रेड रेन्सिंग या खेळाडूला हेच सांगितलं होतं. बायर्सच्या शब्दाने आपलं काम चोख बजावलं.

एकीकडे हे चालू असताना ‘कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही’ हे वाक्य दिवसेंदिवस खोटं पडत गेलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली, आणि विद्यापीठांनी व त्यांच्या गटांनी स्वतःचे सौदे करायला सुरुवात केली. २०१० मध्ये बास्केटबॉलच्या एका वार्षिक स्पर्धेचे हक्क १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला गेले. गंमत अशी की १९८४ च्या त्याच निकालात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी जाता जाता लिहिलं होतं की खेळाडूंना पैसे देता कामा नयेत. खटल्याशी त्या वाक्याचा संबंध नव्हता, तरी एनसीएएचे वकील पुढची साडेतीन दशकं ते ढालीसारखं वापरत राहिले.

युनियनचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो जानेवारी २०१४ मध्ये. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर आणि त्याच्या संघातल्या मुलांनी युनियन कार्डांवर सह्या केल्या. मागे उभा होता रमोगी हुमा, यूसीएलए या विद्यापीठाचा माजी खेळाडू, जो २००१ पासून खेळाडूंची संघटना बांधत होता. त्यांच्या मागण्या वाचल्या तर पगार हा शब्द अग्रभागी सापडत नाही. खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च खेळाडूवर पडू नये, कॉलेज सुटल्यावरही नाही. डोक्याला मार बसण्याचे प्रकार कमी व्हावेत. जखमी झाला म्हणून शिष्यवृत्ती काढू नये. बिली डेनिसनचाच अर्ज, साठ वर्षांनंतर.

युनियनच्या मान्यतेचे वाद ज्याच्यापुढे येतात त्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचे शिकागो विभागाचे संचालक पीटर सुंग ओर यांनी २६ मार्च २०१४ रोजी मुलांच्या बाजूने निर्णय दिला. त्यात त्यांनी मुलांच्या दिवसाचा हिशेब मांडला: हंगामाआधीच्या शिबिरात आठवड्याला ५० ते ६० तास, हंगामात ४० ते ५० तास. कुठे राहायचं, समाजमाध्यमांवर काय लिहायचं, गाडी कुठली वापरतो हे कळवायचं, यावरही प्रशिक्षकांचा अंमल. २००३ ते २०१२ या दहा वर्षांत फुटबॉलने विद्यापीठाला २३.५ कोटी डॉलर मिळवून दिले होते. एप्रिलमध्ये मतदान झालं, पण विद्यापीठाच्या अपिलामुळे पेट्या सीलबंद राहिल्या. १७ ऑगस्ट २०१५ रोजी मंडळाने एकमताने सांगितलं की या प्रकरणात आम्ही अधिकार वापरणार नाही. खेळाडू नोकरदार आहेत की नाहीत हे ठरवलंच नाही. ती मतं कधीच मोजली गेली नाहीत.

मंडळाने दिलेलं कारण साफ टाकाऊ नव्हतं, आणि युनियनची बाजू घेणाऱ्यांनीही ते नीट समजून घ्यायला हवं. देशाचा कामगार संबंध कायदा फक्त खासगी मालकांना लागू होतो. वरच्या पातळीवर फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे १२५ विद्यापीठांपैकी खासगी होती १७. बाकीची राज्यांची, आणि त्यांना त्या त्या राज्याचा कायदा लागू. ओहायो आणि मिशिगन यांनी तर २०१४ मध्येच कायदा करून आपल्या सरकारी विद्यापीठांतले खेळाडू नोकरदार नाहीत असं लिहून टाकलं. एकाच स्पर्धेत एका संघाला युनियन आणि समोरच्याला बंदी, अशी स्थिती आली असती.

याच मंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात शिकवण्याचं वा संशोधनाचं काम करणारे विद्यार्थी नोकरदार असू शकतात, असा निर्णय दिला. अमेरिकेत एमएस, पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना टीए-आरए हे शब्द पाठ असतात, त्यातले कित्येक आज युनियनचे सभासद आहेत. प्रयोगशाळेत राबणारा विद्यार्थी एकाच वेळी विद्यार्थी आणि नोकरदार असू शकतो, मग मैदानावर राबणारा का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

पैशांच्या आघाडीवर मात्र भिंत ढासळली. २१ जून २०२१ रोजी आल्स्टन खटल्यात, म्हणजे खेळाडूंना शिक्षणाशी निगडित लाभ देण्यावरच्या मर्यादांच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला. होगनची सिगारेट एजन्सी आणि पिट्सबर्गचा संप न्यायमूर्ती गोर्सच यांच्या त्या निकालपत्रातच वाचायला मिळतात. दहाच दिवसांत, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली.

मग डार्टमथ. इथे क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच, संघ काही मोठा जिंकणारा नाही. तरी पुरुष बास्केटबॉल संघाच्या पंधरा मुलांनी कॉलेजच्या कर्मचाऱ्यांच्याच युनियनमध्ये जायचं ठरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाच्या विभागीय संचालकांनी त्यांना नोकरदार ठरवलं, आणि ५ मार्चला १३ विरुद्ध २ असं मतदान झालं. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंची मतपेटी पहिल्यांदाच उघडली. कॉलेजने वाटाघाटींना बसायला नकार दिला. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबर २०२४ रोजी, युनियनने अर्ज मागे घेतला. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात मंडळाची माणसं बदलणार होती. प्रतिकूल निकाल आला असता तर तो पुढच्या सगळ्यांना बाधला असता, म्हणून ही माघार. खेळाडूंना नोकरदार मानणारं मंडळाच्या महाअधिवक्त्यांचं २०२१ चं टिपणही फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झालं.

विरोधकांचे काही मुद्दे मी हलके मानत नाही. नोकरदार ठरला तर शिष्यवृत्तीवर कर लागू शकतो. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाच्या अटींमुळे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपलीकडे कॅम्पसवर काम करता येत नाही, त्याचं काय? पोहणं, कुस्ती, धावणं अशा पैसे न आणणाऱ्या खेळांचे संघ बंद पडतील ही भीतीही खोटी नाही. पण हे सगळे प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर सुटणारे आहेत, आणि टेबलापाशी खुर्चीच नको असं म्हणणाऱ्यांनी ते पुढे करावेत हे पटत नाही.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी, ग्रँट हाउस या जलतरणपटूच्या नावाने एनसीएएविरुद्ध चाललेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची परवानगी. म्हणजे विद्यापीठ आता खेळाडूला उघडपणे पैसे देतं, त्याच्याशी करार करतं, पण त्याला नोकरदार म्हणत नाही. खेळाडूंना नोकरदार ठरवताच येऊ नये असं कायद्यातच लिहून घेण्याचा खटाटोप वॉशिंग्टनमध्ये सुरू आहे.

ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएने कॉलेज सुटल्यानंतरही खेळातल्या दुखापतीच्या उपचारांसाठी विमा सुरू केला आहे. त्याची मुदत दोन वर्षं. केंट वाल्ड्रेप त्या सामन्यानंतर ४७ वर्षं जगला.