चार्ल्स बर्नचे दोन दात

चार्ल्स बर्न हा उत्तर आयर्लंडचा मुलगा. उंची साधारण सात फूट सात इंच. १७८२ मध्ये तो लंडनला आला आणि लोक पैसे मोजून त्याला बघायला जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, अवघ्या २२व्या वर्षी तो वारला. आपल्या देहाची चिरफाड होऊ नये म्हणून शवपेटी समुद्रात सोडा, असं त्यानं विनवलं होतं. पण जॉन हंटर या नामवंत शल्यचिकित्सकानं पैसे चारून देह मिळवला, आणि बर्नचा सांगाडा म्युझियमच्या काचेआड उभा राहिला. २०२३ मध्ये तो मांडणीतून काढला, तोही फक्त आतल्या खोलीत ठेवण्यासाठी. दोनशे वर्षांनी आलेली ही लाज अर्धवटच म्हणायची.

१९०९ मध्ये हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदू-शल्यचिकित्सकानं त्याची कवटी उघडून पाहिली. मेंदूखाली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, जिथे बसते ती खोबण फुगलेली होती. तिथे गाठ होती. अशी गाठ कर्करोगाची क्वचितच असते. पण ती वाढीचं संप्रेरक भरमसाट सोडू शकते. हाडांची टोकं जुळायच्या आत हे घडलं तर पोर ताडमाड वाढतं. मोठेपणी घडलं तर उंची तेवढीच राहते, पण अंगठी बोटात अडकते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. सगळं इतकं सावकाश, की रोज बघणाऱ्या घरच्यांना कळतही नाही. जुना फोटो हातात आला की मग लक्षात येतं.

२०११ मध्ये संप्रेरकतज्ज्ञ मार्ता कोर्बोनित्स आणि सहकाऱ्यांनी बर्नच्या दोन दातांतून डीएनए काढला. २००६ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ‘एआयपी’ जनुकाचा या गाठींशी संबंध दाखवला होता. बर्नच्या त्याच जनुकात डीएनएचं एक अक्षर बदललेलं निघालं: ‘सी’च्या जागी ‘टी’. एवढ्यानं मजकुरात भलत्याच ठिकाणी पूर्णविराम पडतो. ३३० दुव्यांची प्रथिनाची साखळी ३०४व्या जागेपाशीच तुटते. हीच चूक आज उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांत सापडते. त्यांचा आणि बर्नचा समाईक पूर्वज सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा असावा. मिड अल्स्टर भागात साधारण दीडशे माणसांत एकाकडे ती आहे.

मग तिथे गल्लोगल्ली राक्षस का दिसत नाहीत? कारण प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. ग्रंथीतल्या एखाद्या पेशीत ती दुसरीही गेली, की गाठीला वाट मोकळी होते. बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या बहुतेकांना गाठ कधीच होत नाही.

“डॉक्टर, पोरांनाही होईल का?” हा प्रश्न पेशंट हमखास विचारतात. उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. घराण्यातून आलेल्या गाठी जेमतेम पाच टक्के. बाकीच्यांत चूक जन्मानंतर, ग्रंथीतल्या एखाद्याच पेशीत होते, आणि शुक्राणूत वा स्त्रीबीजात नसल्यानं पुढच्या पिढीत जात नाही. वाढीचं संप्रेरक सोडणाऱ्या सुमारे ४० टक्के गाठींत ‘जीएनएएस’ जनुक बिघडलेलं असतं. त्याचं प्रथिन दाराच्या घंटीसारखं: संदेश आला की वाजायचं, मग गप्प बसायचं. बिघाडामुळे बटण आतच अडकतं, नि पेशी अखंड वाढत राहते.

एआयपीची चूक असलेल्या घरांत आता मुलांची उंची नेमानं मोजतात, रक्त तपासतात, गरज पडली तर एमआरआय काढतात. गाठ लहान असतानाच सापडली, तर ती बहुतेकदा नाकावाटे काढता येते.